घारापुरी बघितली, की फक्त एक नंबरची गुंफा?

गेटवेवरून लाँच पकडायची, तासाभराने घारापुरीच्या जेट्टीवर उतरायचं, छोट्या रेल्वेत बसायचं, दुकानांच्या रांगेतून पायऱ्या चढायच्या, त्रिमूर्तीसमोर ग्रुप फोटो आणि परतीची लाँच. आपली ‘एलिफंटा ट्रिप’ बहुतेक वेळा एवढ्यातच संपते. माझं म्हणणं एवढंच, की यात आपण एक दालन बघतो आणि अख्खं बेट न बघता परत येतो.

गुंफा भारी आहे, त्यात वादच नाही. सहाव्या शतकातली मानतात. तो सुमारे सहा मीटर उंचीचा सदाशिव समोर आला की सगळ्यात बडबडा ग्रुपही दोन मिनिटं गप्प होतो. पण मग साधा प्रश्न पडायला हवा ना, की एवढं मोठं काम समुद्रातल्या या डोंगरावरच का केलं असेल?

याचं उत्तर गुंफेत शोधू नका, किनाऱ्याने चाला. नावंच बघा: राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. बेटावरची तिन्ही गावं बंदरं आहेत! इथे चौथ्या शतकातली क्षत्रपांची नाणी मिळाली आहेत, रोमन मद्यकुंभांची खापरंही मिळाली आहेत. म्हणजे त्रिमूर्ती कोरली जाण्याच्या आधीपासून या बेटाचा समुद्रापारच्या व्यापाराशी संबंध होता. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा जुना स्तूप आहे, त्या बाजूला आणखी दोन गुंफाही आहेत. एका टेकडीवर शिव, दुसरीवर स्तूप! पण तिकडे जाणारे किती? सगळी गर्दी पश्चिमेच्या टेकडीवर, त्यातही एका गुंफेत.

राजबंदरला गेलात, तर तिथे काय नाही ते आठवा. पोर्तुगीजांना तिथे भलामोठा दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलायला गेले आणि तो पडून फुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर आहे. राणीबागेत जाताना आपण त्याच्या शेजारून निघून जातो, ओळखही न दाखवता.

आणि हो, या बेटावर माणसं राहतात. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना घारापुरीत समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली ती थेट फेब्रुवारी 2018 मध्ये. तोवर जनरेटरवर, तेही दिवसातले थोडे तास. एक नंबरच्या गुंफेसमोरून लाँचकडे पळालात तर हे कळणार कसं?

‘वेळ कुठे असतो?’ असं म्हणाल. सकाळची पहिली लाँच पकडा, मग असतो. सोमवारी गुंफा बंद असतात. पाणी जवळ ठेवा, पण खाऊ हातात मिरवू नका, माकडं सोडत नाहीत. तिवरांच्या बाजूला ओहोटीला चिखल फार असतो, तिथे हिरोगिरी नको. वाट गावातल्या काका-मावशींना विचारा, मोबाइलच्या मॅपपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ मात्र उतरतानाच जेट्टीवर विचारून घ्या. आणि चालताना एखादं खापर दिसलं, तर फोटो काढा, पण ते बॅगेत टाकू नका. एक हत्ती गेला तेवढं पुरे.