स्वस्त पुस्तकांचं शहर आणि लेखिकांची अब्रू

"कॉपीराइट ही प्रकाशकांची मक्तेदारी आहे, तो नसता तर ज्ञान मोकळं झालं असतं," असं मत हल्ली वारंवार वाचायला मिळतं. पुस्तकांच्या पीडीएफ फिरवणारेही हेच सांगतात. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, "हक्क कडक करा, लेखक आपोआप जगेल." दोन्ही बाजू एवढ्या ठामपणे बोलतात की वाटावं, हा प्रश्न इंटरनेट आल्यावरच जन्माला आला.

तसं नाहीये. ही दोन्ही औषधं एका शहराने चाखून झालेली आहेत. शहर डब्लिन, काळ अठरावं शतक. आणि त्या औषधांचा परिणाम सगळ्यात स्वच्छ दिसतो तो तिथल्या लेखिकांच्या आयुष्यात. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी कायदा. १७१० मध्ये ब्रिटनमध्ये राणी ॲनच्या नावाने ओळखला जाणारा कॉपीराइट कायदा लागू झाला. नव्या पुस्तकावर १४ वर्षं हक्क, आणि ती संपताना लेखक हयात असेल तर आणखी १४. पण आयर्लंडची संसद वेगळी होती. हा कायदा तिथे लागूच नव्हता. म्हणजे लंडनमध्ये आज आलेलं पुस्तक डब्लिनच्या छापखानेवाल्याने उद्या छापलं, तर तो गुन्हा नव्हता. १७३९ मध्ये ब्रिटनने एवढंच केलं की अशा प्रती ब्रिटनमध्ये आणून विकायला बंदी घातली. आयर्लंडमध्ये विकायला कोणाची आडकाठी नव्हती.

त्यामुळे डब्लिनमध्ये पुनर्मुद्रणाचा मोठा धंदा उभा राहिला. लहान आकार, बारीक टाइप, कमी कागद, कमी किंमत. लंडनमध्ये ज्यांना परवडलं नसतं अशा घरांत डब्लिनमध्ये कादंबऱ्या पोचल्या. फॅनी बर्नीची 'एव्हलिना' लंडनला १७७८ मध्ये आली, पुढच्याच वर्षी डब्लिनची आवृत्ती हजर. वाचकाच्या दृष्टीने चंगळच. हे मी उपरोधाने म्हणत नाहीये. वाचन श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून बाहेर पडतं ते असंच.

लंडनवाले अर्थातच चिडले. सॅम्युएल रिचर्डसन हा कादंबरीकार स्वतः मुद्रकही होता. १७५३ मध्ये त्याच्या नव्या कादंबरीचे छापील कागद त्याच्याच छापखान्यातल्या माणसांनी चोरून डब्लिनला पोचवले. लंडनची आवृत्ती बाजारात यायच्या आधीच तिथे छपाई सुरू! रिचर्डसनने संतापून पत्रक काढलं. डब्लिनवाल्यांना 'चाचे' म्हणायची पद्धत अशा भांडणांतूनच रुळली. पण परवानगी न विचारता छापणं, हे आयर्लंडच्या कायद्यात बसत होतं. रिचर्डसन हरला तो त्यामुळेच.

आता मुद्द्यावर येऊ. लंडनचं पुस्तक फुकट उचलता येतंय, तर डब्लिनचा प्रकाशक स्वतःच्या शहरातल्या लेखिकेला पैसे कशाला देईल? आणि दिलेच, तर शेजारचा छापखानेवाला तेच पुस्तक उद्या छापायला मोकळा. हक्कच नाही, तर विकत काय घेणार? म्हणून तिथे हस्तलिखिताला मोल देण्याची रीत फारशी रुजलीच नाही. पुरुष लेखकांचीही यात अडचण होतीच. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना चर्चमधली जागा, वकिली, अध्यापन, सरकारी नेमणूक असे दुसरे आधार होते. बाईला यातलं काहीच उघडं नव्हतं.

मग उरत वाटा दोन. एक, लंडनला जा. दोन, वर्गणीदार जमवा.

वर्गणी म्हणजे आजचं क्राउडफंडिंग. पुस्तक निघायच्या आधी लोकांकडून पैसे घ्यायचे आणि त्यांची नावं पुस्तकात छापायची. ऐकायला छान. पण वर्गणीची यादी भरते कशी? ओळखीने आणि प्रतिष्ठेने. इथेच माझं म्हणणं आहे, ते सरळ मांडतो: ज्या बाजारात लेखनावर हक्क नसतो, तिथे लेखिकेकडे भांडवल म्हणून एकच गोष्ट उरते, तिची अब्रू.

दोन मैत्रिणींची उदाहरणं घ्या.

मेरी बार्बर. डब्लिनच्या एका कापड व्यापाऱ्याची बायको, मुलाबाळांची आई, कविता लिहायची. जोनाथन स्विफ्ट तिच्या पाठीशी उभा राहिला. तिच्या संग्रहाला नऊशेहून अधिक वर्गणीदार मिळाले, त्यात मोठमोठे सरदार आणि दरबारी. संग्रहावर साल १७३४ आहे, आणि तो छापला गेला लंडनमध्ये, त्याच रिचर्डसनच्या छापखान्यात. पुढे ती आजारी आणि पैशाने अडलेली असताना स्विफ्टने काय केलं? आपलं 'पोलाइट कन्व्हर्सेशन' हे हस्तलिखित तिला देऊन टाकलं, की विक आणि पैसे कर. ते १७३८ मध्ये लंडनला निघालं. बघा, मदत करायची तर हस्तलिखित द्यायचं, आणि त्या हस्तलिखिताला भाव लंडनच्या बाजारात. डब्लिनमध्ये तो फक्त कागदांचा गठ्ठा.

दुसरी लेटिशिया पिल्किंग्टन. तीही डब्लिनची, तीही स्विफ्टच्या मंडळातली, आणि वाक्चातुर्यात बार्बरपेक्षा कितीतरी सरस. १७३८ मध्ये तिच्या पाद्री नवऱ्याने व्यभिचाराच्या आरोपावरून तिच्यापासून फारकत मिळवली. खोलीत परपुरुष सापडला. तिचं म्हणणं, त्याच्याकडचं एक पुस्तक तेवढं वाचून संपवत होते. खरं-खोटं सोडा. परिणाम बघा. स्विफ्टने पाठ फिरवली, ओळखीची दारं बंद झाली. ती लंडनला गेली, दुसऱ्यांच्या नावावर खपवायला कविता लिहून दिल्या, १७४२ मध्ये कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेली. बाहेर येऊन पत्रकं आणि चित्रं विकायचं छोटं दुकान थाटलं. मदत करणाऱ्या मोजक्या लोकांत, हो, पुन्हा तोच रिचर्डसन होता.

शेवटी डब्लिनला परतून तिने १७४८ मध्ये आपल्या आठवणी छापायला सुरुवात केली. अब्रू गेलेलीच होती, मग तिने बदनामीलाच माल केलं. नवरा, बिशप, सरदार, आणि वर्गणी द्यायचं नाकारणारे, सगळ्यांची हजेरी घेतली. दोन वर्षांत ती गेली, तिसरा खंड मुलाने १७५४ मध्ये काढला. स्विफ्ट घरात कसा वागायचा, कसा चिडायचा, कसा थट्टा करायचा, हे आज आपल्याला माहीत आहे त्यातलं बरंचसं हिच्यामुळे. तरी कितीतरी वर्षं तिची ओळख काय? 'ती बदनाम बाई'.

दोघींच्या कवितांच्या दर्जावरून हा फरक पडला का? नाही. एकीकडे 'सुशील गृहिणी' हे प्रशस्तिपत्र होतं, दुसरीचं फाडलं गेलं होतं. एवढंच.

"मग बायका या धंद्यातच नव्हत्या का?" होत्या की, आणि चांगल्या होत्या. कॉन्स्टॅन्शिया ग्रिअर्सन किलकेनीच्या साध्या घरातली मुलगी, सुईणीचं काम शिकायला डब्लिनला आलेली, तेही या लेटिशियाच्या वडिलांकडे. तिने मुद्रक जॉर्ज ग्रिअर्सनशी लग्न केलं आणि त्याच्या छापखान्यासाठी टेरेन्स आणि टॅसिटस या लॅटिन लेखकांच्या आवृत्त्या संपादित केल्या. विशीत! १७३२ मध्ये ती वारली. तिच्या काही कविता वाचल्या, कारण मेरी बार्बरने त्या आपल्या संग्रहात घातल्या.

आणि सारा हार्डिंग. स्विफ्टची सरकारविरोधी पत्रकं छापल्याबद्दल तिचा नवरा जॉन तुरुंगात गेला आणि १७२५ मध्ये मेला. विधवेला नवऱ्याचा छापखाना चालवता येई, तसा तिने चालवला. गरिबांची मुलं श्रीमंतांनी खावीत, असा 'सभ्य प्रस्ताव' मांडणारा स्विफ्टचा जगप्रसिद्ध उपरोध १७२९ मध्ये छापला तो तिने. त्या मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नाही. नाव आहे छापणारीचं, 'एस. हार्डिंग'. सरकार चिडलं असतं तर शिपाई आधी कोणाच्या दारात आले असते, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे कष्ट होते, विद्वत्ता होती, धाडस होतं. नव्हता तो लिहिण्याचा मोबदला.

म्हणूनच कादंबऱ्या लंडनला गेल्या. फ्रान्सिस शेरिडन ही डब्लिनची. मुलीने लिहायला-वाचायला शिकणं वडिलांना मान्य नव्हतं, भावांनी गुपचूप शिकवलं. तिची 'सिडनी बिडल्फ' १७६१ मध्ये लंडनला निघाली, निनावी. त्याच वर्षी डब्लिनची आवृत्ती निघाली. आपल्याच गावच्या लेखिकेचं पुस्तक लंडनहून उचलून गावात विकायचं, हा या व्यवस्थेचा कळस. आयर्लंडच्या जुन्या कविता मूळ आयरिश भाषेत आणि इंग्रजी अनुवादासह मांडणारा शार्लट ब्रुकचा ग्रंथ १७८९ मध्ये मात्र डब्लिनमध्येच छापला गेला. कसा? पुन्हा वर्गणीने. आणि ती नामवंत लेखक हेन्री ब्रुक यांची मुलगी होती, हे विसरू नका.

आता दुसरं औषध. "कॉपीराइट आणला असता तर सुटलं असतं." १८०१ मध्ये आयर्लंड ब्रिटनला जोडलं गेलं आणि कॉपीराइटचा कायदाही तिथे पोचला. झालं काय? पुनर्मुद्रणाचा धंदा बसला. त्याच सुमाराला पॅट्रिक बर्नसारखे पुस्तकविक्रेते अमेरिकेला निघून गेले होते. जे राहिले त्यांच्याकडे हक्क विकत घ्यायला पैसाच नव्हता. पैसा लंडनला. मराया एजवर्थची 'कासल रॅकरेंट' १८०० मध्ये आणि सिडनी ओवेनसनची 'वाइल्ड आयरिश गर्ल' १८०६ मध्ये, दोन्ही लंडनहून निघाल्या. गोष्टी आयर्लंडच्या, प्रकाशक लंडनचा. हक्क मिळाला, पण तो जिथे विकायचा ते दुकान गावातून उठलं.

आणि हक्क तरी कोणाचा? लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. तोवर लेखिकेचा कॉपीराइट म्हणजे बऱ्याचदा तिच्या नवऱ्याचा कॉपीराइट. पिल्किंग्टनबाईंना हे समजावून सांगायची गरज नव्हती.

याची किंमत पुढे स्मरणातही मोजावी लागली. जे लेखन निनावी निघालं, परक्या शहरात निघालं, किंवा 'वाईट चालीची बाई' म्हणून कपाटात गेलं, ते संकलनांतून गळतं. १९९१ मध्ये आयरिश साहित्याचं तीन जाडजूड खंडांचं 'फील्ड डे' संकलन आलं, तेव्हा त्यात बायका इतक्या कमी होत्या की मोठा गदारोळ झाला. चूक निस्तरायला चौथा आणि पाचवा खंड काढावा लागला, फक्त बायकांच्या लेखनाचा. तो आला २००२ मध्ये. म्हणजे बाजारातली गैरसोय दोनशे वर्षांनी 'साहित्यिक दर्जा' म्हणून समोर उभी राहिली. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

मग उपाय काय? माझ्या मते 'वाचक की लेखक' हा प्रश्नच चुकीचा आहे. वाचकाला स्वस्त पुस्तक हवं, हे बरोबर. लिहिणारीला पैसे हवेत, हेही बरोबर. दोन्ही एकाच खिशातून भागवायला गेलं की कोणीतरी बुडतं, आणि बुडणारी बहुधा तीच, जिच्याकडे दुसरा आधार नाही. स्वातंत्र्य मिळालेल्या आयर्लंडने हे उशिरा का होईना ओळखलं. सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचायला दिलं गेलं की लेखकाला सरकारी तिजोरीतून मोबदला, अशी तरतूद २००७ च्या कायद्याने केली. वाचकाला पुस्तक फुकट, लेखिकेला पैसे. २०२२ मध्ये २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग सुरू केला. अर्ज केलेल्या पात्र लोकांतून चिठ्ठ्या टाकून निवड. कोणाची ओळख नाही, शिफारसपत्र नाही, चारित्र्याचा दाखला नाही. मेरी बार्बरला जे मिळवायला स्विफ्ट लागला, त्यातलं थोडंसं तरी आता स्विफ्टशिवाय मिळू शकतं.

हे पुरेसं आहे का? नाही. २,००० म्हणजे मूठभरच. पण दिशा बरोबर आहे.

म्हणून "पुस्तक मोकळं करा" असं कोणी म्हणालं की जरूर हो म्हणा, आणि लगेच विचारा, लिहिणारीचं काय? "हक्क कडक करा" असं कोणी म्हणालं की विचारा, तो हक्क पोचणार कोणाच्या हातात? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत मी तरी कुठल्याच बाजूच्या घोषणेला टाळी देणार नाही.

पटत नसेल तर कमेंटमध्ये जरूर भांडा. फक्त लेटिशियाला 'बदनाम बाई' म्हणू नका, ते बोलून झालंय.