तळघरातले पाणी कोणी उपसायचे?

१८ मे २०२५ च्या रात्री बंगळूरवर वळीव कोसळला; सकाळपर्यंत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. महादेवपुरा भागात कामावर पोचलेली एक सफाई कामगार स्त्री कुंपणाच्या भिंतीखाली सापडून मेली. त्याच दिवशी संध्याकाळी बी.टी.एम. लेआउटमधील एका इमारतीच्या तळघरातले पाणी पंपाने उपसत असता विजेचा धक्का बसून एक वृद्ध रहिवासी व इमारतीत राबणाऱ्या नेपाळी कामगाराचा बारा वर्षांचा मुलगा असे दोघे प्राणास मुकले. अशा मृत्यूंना पावसाचे बळी म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोयीची आहे, कारण पावसावर खटला भरता येत नाही.

या शहराला वीज नवी नाही. शिवनसमुद्रची वीज १९०२ साली प्रथम गेली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना. शहराचे रस्ते उजळले ते १९०५ साली. अग्रक्रम कोणाचा, हे तेव्हाच ठरले होते! आज तीच वीज झाडांच्या फांद्यांतून आणि पदपथांवरून गेली आहे, आणि मुळांपर्यंत सिमेंट ओतलेली झाडे वादळात उन्मळली की तारा घेऊनच खाली येतात. २ जून २०२४ रोजी १११.१ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा शेकडो झाडे अशीच पडली.

पडलेली तार मेलेली असते, ही समजूत सर्वांत घातक होय. कोरड्या काँक्रीटवर पडलेल्या तारेतून जमिनीत जाणारा प्रवाह कधी कधी इतका अल्प असतो की उपकेंद्रातील संरक्षक यंत्रणेला दोष जाणवतच नाही आणि तार जिवंत राहते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे कडुगोडी येथे पदपथावर पडलेल्या अशाच तारेवर पाय पडून एक तरुण माता आणि तिचे नऊ महिन्यांचे बालक दगावले. वाचवण्यास धावलेला पतीही भाजला. वीज कंपनीचे काही अधिकारी निलंबित झाले. त्या दिवशी तर वादळही नव्हते. म्हणून तारेपासून निदान दहा मीटर दूर राहावे, इतरांना अडवावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे. जवळ सापडल्यास पाय जमिनीवरून न उचलता, जोडून, घासत मागे सरावे. दोन पावलांत अंतर पडले की त्यांच्यामधील विद्युतदाबाचा फरक शरीरातून वाहतो.

तळघराची गोष्ट याहून साधी आणि म्हणूनच अधिक संतापजनक आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी कोरड्या जागी उभे राहून मुख्य खटका बंद करावा. खटकाच पाण्याखाली असेल तर वीज कंपनीचा माणूस खांबावरून पुरवठा तोडेपर्यंत कोणीही उतरू नये. रस्त्यावरची वीज गेली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण इन्व्हर्टर घरातील तारा जिवंतच ठेवतो. जनित्राची तऱ्हाही तीच. बंद जागेत त्याचा विषारी धूर माणसे मारतो, आणि बदलखटका न बसवता ते घरच्या जोडणीला लावले तर उलट गेलेली वीज खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव घेते. रात्री-अपरात्री भर पावसात त्या खांबावर चढणारा हा माणूस बहुधा कंत्राटीच असतो, हेही रहिवाशांनी ध्यानात ठेवावे.

परंतु हे सारे ज्ञान ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोचत नाही. बंगळुरात काय किंवा पुण्या-मुंबईत काय, पंपाजवळची खोली राखणदाराच्या कुटुंबाला दिलेली असते, आणि पाणी शिरले की पहिली हाक त्यालाच, नाही तर त्याच्या मुलाला जाते. गृहनिर्माण संस्थांत असलेल्या आपल्या सभासदांनी एप्रिलच्या सभेतच तीन गोष्टी मंजूर करून घ्याव्यात: पंपाचा खटका तळमजल्यावर आणणे, पंपाच्या जोडणीवर गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवणे, आणि पाणी उपसण्याचे काम प्रशिक्षित वीजतंत्र्याखेरीज कोणालाही न सांगणे. खर्चाचा मुद्दा निघेलच. तेव्हा त्याच इमारतीच्या रंगकामाचा खर्च कार्यवृत्तात काढून दाखवावा.