मागणीचा आकडा आणि वारसांची संमती

मुंबई-गोवा महामार्गावर वसलेल्या आणि कोकण रेल्वेचे स्थानक लाभलेल्या कणकवली तालुक्यातील नांदगावसारख्या गावी जुने घर विकायला निघाले, की पहिला प्रश्न किमतीचा विचारला जातो. परंतु नेमके काय विकायचे आणि ते विकण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, हे ठरल्याशिवाय सांगितलेला आकडा वाटाघाटीत टिकत नाही, ही गोष्ट मालमत्ता व्यवहारातील प्रत्येक मध्यस्थाने ध्यानात घेतली पाहिजे.

घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत असते आणि ती मालकीचा निर्णायक पुरावा ठरत नाही, तर खालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अनेकदा मुंबईस्थित सहहिस्सेदारांची नावे असतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 22 नुसार, वर्ग 1 मधील एका वारसाने आपला हिस्सा विकायचे ठरवल्यास तो घेण्याचा अग्रहक्क त्याच वर्गातील इतर वारसांना मिळतो. भोवतालची जमीन शेतीची असेल, तर बिगरशेतकऱ्याला ती साधारणतः परवानगीविना घेता येत नाही, त्यामुळे ग्राहकांचा घेर लहान होतो आणि किंमतही त्या प्रमाणात उतरते.

मागणीची किंमत ठरवताना शेजारच्या जाहिरातीतील आकडा आधारास घेऊ नये, कारण ती केवळ अपेक्षा असते. प्रत्यक्ष व्यवहार नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात सापडतो. त्याच्या जोडीला शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, अर्थात रेडी रेकनर, पाहावा लागतो, कारण मुद्रांक शुल्कासाठीचे मूल्य ठरलेल्या किमतीच्या 110 टक्क्यांपेक्षा अधिक भरल्यास विक्रेत्याचा भांडवली नफा त्या मूल्यावरूनच मोजला जातो. फुगवलेल्या मागणीमुळे घर बंद राहिले आणि पावसाळ्यापूर्वी कौले परतली गेली नाहीत, तर वासे कुजतात, जांभ्याच्या भिंतीत पाणी मुरते आणि पुढच्या ग्राहकाला त्याच घरासाठी कमी किंमत देण्याचे सबळ कारण मिळते.

म्हणूनच ग्राहक येण्यापूर्वीच मागणीची किंमत, तिच्याखाली न जाण्याची मर्यादा आणि बोलणी करणारी एकच व्यक्ती, या तिन्ही गोष्टी सर्व हिस्सेदारांच्या सह्यांनिशी ठरवून घ्याव्यात. अन्यथा एकाने दिलेला होकार दुसरा मोडतो आणि विसार परत करण्याची पाळी येते. प्रस्तावांची तुलना करताना केवळ रक्कम न पाहता विसार किती, कर्जमंजुरीची अट आहे काय आणि खरेदीखत कधी होणार, हेही पाहावे, कारण लवकर पुरी होणारी थोडी कमी रक्कम अनिश्चित मोठ्या रकमेहून हितावह ठरू शकते. दस्तात कमी किंमत दाखवून उरलेली रोखीने घेण्याचा प्रस्ताव मात्र निःसंदिग्धपणे नाकारावा, कारण स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे.

विक्रेत्याला आवडेल असा आकडा सांगून काम मिळवणे सोपे असते. परंतु पुराव्यासह खरा आकडा सांगून सर्व वारसांना एका निर्णयावर आणणे हेच मध्यस्थाच्या मोबदल्याचे खरे समर्थन होय.