पाणी चढले; व्यवस्थेचे काय?

सातारचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. प्रा. धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक. धनंजयराव म्हटले की प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आठवतो. परंतु गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी करून त्यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ अभ्यासकांपुरताच उरला आहे. कालव्याचे मोल केवळ सरकारजमा होणाऱ्या पाणीपट्टीवरून ठरवू नये. त्या पाण्याने पिकात, रोजगारात, बाजारात काय घडविले तेही मोजावे, ही त्यामागील दृष्टी होती.

हीच दृष्टी घेऊन सांगली जिल्ह्याच्या पूर्वभागात जावे. येथे कृष्णा खाली वाहते आणि दुष्काळ वर नांदतो. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या तिन्ही योजना पाणी टप्प्याटप्प्याने उचलून माथ्यावर नेतात. म्हणजे येथे पाणी ही वस्तुतः विजेचीच गोष्ट आहे. बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले ५६० टीएमसी पाणी अडविण्यासाठी २००० सालची मुदत डोळ्यांपुढे ठेवून युती शासनाने १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले, जनतेकडून रोख्यांद्वारे पैसा उभारला. त्या धाडसाचे श्रेय द्यायलाच हवे. कामे रेंगाळली, खर्च फुगला, हेही खरे. तरीही आटपाडीचे डाळिंब, तासगावचा बेदाणा आणि कवठेमहांकाळची हिरवी शिवारे पाहिली म्हणजे गाडगीळांचा हिशेब पटतो.

अडले ते वीजबिलापाशी. थकबाकी वाढली की वीज तोडायची, पंप बंद पडायचे, पिके माना टाकायची, मोर्चे निघायचे आणि मग टंचाई निधीतून काही रक्कम भरून पाणी सुटायचे. वर्षानुवर्षे हाच खेळ चालला. साखर कारखान्यांनी उसाच्या बिलातून पाणीपट्टी कापून घेतली, म्हणून निदान काही वसुली झाली. पण ज्याचा ऊस नाही त्याच्याकडून ती करायची कोणी? पुढे बिलाचा ८१ टक्के भार शासनाने उचलायचा आणि १९ टक्के लाभधारकांनी द्यायचा, असे ठरले. दिलासा मिळाला. मात्र गावोगावी हिशेब ठेवणारी व्यवस्था त्याने उभी राहिली नाही.

आता म्हैसाळसाठी जर्मन विकास बँकेच्या कर्जातून सौर प्रकल्प हाती घेतला आहे. त्याचे स्वागतच. परंतु विजेचे बिल हा कितीही जाचक असला तरी पाण्यावरचा एक लगाम होता. तो सैल झाल्यावर वरच्या टप्प्यातील शेतकरी ऊस वाढवील आणि जतच्या शेवटच्या गावापर्यंत पाणी पोहोचणार नाही, ही भीती निराधार नाही. ऊन फुकट असते, पाणी नव्हे.

पं. दीनदयाळजींनी १९६५ च्या मुंबईतील व्याख्यानांत विश्वेश्वरय्यांचा हवाला देऊन उत्पादनाचे सात घटक सांगितले होते. त्यांत यंत्र आणि प्रेरक शक्तीबरोबर माणूस व व्यवस्थापनही आहे. आपल्या योजनाकारांना पहिली दोनच आठवतात! पाणी मोजून घेणे, पाळी ठरविणे, पट्टी गोळा करणे ही कामे पाणीवापर संस्थांनी करावीत असा कायदा २००५ पासून आहे. सौर पटले बसण्यापूर्वी प्रत्येक वितरिकेवर अशी संस्था कार्यरत झाली पाहिजे. शेवटच्या टोकाच्या गावांना तिच्यात निम्मे स्थान द्यावे आणि पाण्याचा व पैशाचा हिशेब दर हंगामाला ग्रामसभेत वाचून दाखवावा. सहकार भारतीचे संस्थापक लक्ष्मणराव इनामदार हे शेजारच्या खटावचे. सांगली-सातारच्या कार्यकर्त्यांनी या कामाला पुढील रब्बीपूर्वीच हात घालावा. पंप सुरू झाल्यावर पाळ्या बसविणे फार अवघड जाते.