माल आणि बिल्टी

परगावी उधारीची जोखीम नको असेल, तर जुना व्यापारी माल ट्रकने पाठवतो आणि बिल्टी बँकेमार्फत. खरेदीदाराने रक्कम भरली की बिल्टी हाती येते आणि तेव्हाच माल सुटतो. मालाची वाट निराळी, हुकमाची वाट निराळी, ही पेढीवरची शिस्त. दूरसंचाराला मात्र ती नुकसान सोसून शिकावी लागली.

अमेरिकेतील बेल कंपनीच्या लांब पल्ल्याच्या तारांवर ग्राहकाचे बोलणे आणि यंत्राला द्यायच्या आज्ञा एकाच वाटेने जात. २६०० हर्ट्झचा सूर म्हणजे ‘तार मोकळी आहे’ अशी खूण. या सुरांची माहिती कंपनीच्याच तांत्रिक नियतकालिकात १९५४ आणि १९६० मध्ये छापली गेली. जो एंग्रेसिया या जन्मांध मुलाने नेमक्या त्या सुरात शीळ घातली आणि चालू फोन तुटला. पुढे ‘ब्लू बॉक्स’ नावाच्या छोट्या पेटीतून असे सूर काढून अनेकांनी फुकट फोन केले. सूर धन्याचा की परक्याचा, हे ओळखण्याचे साधन यंत्राजवळ नव्हते. अखेर १९७६ पासून कंपनीने आज्ञांसाठी स्वतंत्र मार्ग सुरू केला.

इंटरनेटने दुसरी रीत स्वीकारली. १९८१ च्या ‘टीसीपी’ नियमावलीत आज्ञा आणि मजकूर एकाच पुडक्यातून जातात. परंतु पुडक्याच्या माथ्यावर किमान २० बाइट जागा आज्ञांसाठी राखलेली असते. पुडक्याचा अनुक्रम, मिळालेल्या मालाची पोच, घेणाऱ्याकडे उरलेली जागा, हे सारे तेथे लिहिलेले असते. आतला मजकूर कसाही असो, टीसीपी तो आज्ञा म्हणून वाचत नाही. तथापि माथ्यावरचा मजकूरही कोणी खोटा लिहू शकतो. म्हणून निराळी खातरजमा लागतेच.

हाच प्रश्न आज पेढीच्या संगणकावर उभा आहे. ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावाने ईमेल येतो; सोबत बिल असते आणि ‘आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी’ अशी सूचना असते. बिल हा माल, खातेबदल हा हुकूम, आणि दोन्ही एकाच वाटेने आलेले. अशा वेळी ईमेलमधील क्रमांकावर नव्हे, तर आपल्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे. रक्कम त्यानंतरच भरावी.