मुक्त प्रणालीचा फोन आणि बँकेचा नकार

अँड्रॉइड आणि आयफोन सोडून तिसरं काही वापरता येईल का, असं वाचक विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो: फोनवर यूपीआयशिवाय तुमचं चालेल का? बहुतेकांचं नाही चालत, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कोड सर्वांना खुला असलेल्या, म्हणजे मुक्त प्रणालींचा तुटवडा नाही. अँड्रॉइडचा गाभाच मुक्त आहे. गूगलच्या बंदिस्त सेवा त्यावर चढवल्या जातात. त्या वगळून बनलेली लिनेजओएस २०१६च्या अखेरीपासून, कंपनीने अपडेट बंद केलेले कितीतरी फोन वापरात ठेवते आहे. सुरक्षिततेत ग्राफीनओएस माझ्या मते सर्वांत पुढे, पण तिचा भर आजवर गूगलच्याच पिक्सेल फोनांवर राहिला. उबुंटू टच कॅनॉनिकलने २०१७ मध्ये सोडली, ती स्वयंसेवक सांभाळतात.

मात्र नुसत्या प्रणालीने भागत नाही, हे आपल्याकडेच दिसलं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवरचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना आणला. रॅम १२८ एमबी, त्यामुळे तो अडखळायचा. पण त्याहून मोठी उणीव म्हणजे व्हॉट्सॲपचं अधिकृत ॲप त्या प्रणालीवर कधी आलंच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनविक्रीतून अंग काढून घेतलं. त्याच कोडवर बेतलेली कायओएस २०१७ मध्ये जिओफोनमधून घरोघरी पोचली, आणि वर्षभरात व्हॉट्सॲप तिच्यावर आलं. मूळ तेच होतं. या वेळी पाठीशी रिलायन्स होती. स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला असं पाठबळ कुठून मिळणार?

आज लिनेजओएसवर व्हॉट्सॲप चालतं. अडतं ते पैशांच्या ॲपवर. यातली बरीच ॲप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटी सेवेकडून फोनची खातरजमा करून घेतात. प्रणाली गूगलने प्रमाणित केलेली नसेल, तर ॲप चालायला नकार देऊ शकतं. बँकेची काळजी मला मान्य आहे. रूट केलेल्या, म्हणजे प्रणालीचा पूर्ण ताबा खुला केलेल्या फोनवर पैशांचे व्यवहार नकोतच. पण वर्षानुवर्षं सुरक्षा अपडेट न मिळालेला फोन या तपासणीत पास होऊ शकतो आणि वेळच्या वेळी दुरुस्त होणारी ग्राफीनओएस अडकते, याचं समर्थन कसं करायचं?

यावर तोड अँड्रॉइडमध्येच आहे. हार्डवेअर की अटेस्टेशन या सोयीत फोनची चिप स्वतः सही करून सांगते की प्रणाली सुरू करणारा बूटलोडर कुलूपबंद आहे आणि कोणाची प्रणाली चालू आहे. ग्राफीनओएस त्यासाठी लागणारे आपल्या डिजिटल चाव्यांचे ठसे जाहीर करते. बँकेने ते आपल्या यादीत घालायचे, एवढंच काम.

*९९# आणि यूपीआय १२३पे वापरून बटणांच्या साध्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात. तिथे गूगलचं प्रमाणपत्र कोणी मागत नाही. मग ज्याचा कोड कोणीही तपासू शकतो, त्या स्मार्टफोनलाच मज्जाव का? जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखाली बनलेल्या भारओएस या मोबाइल प्रणालीचं केंद्रीय मंत्र्यांनी जाहीर कौतुक केलं. त्या कौतुकाला अर्थ यायचा असेल, तर रिझर्व्ह बँकेने यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयला आणि बँकांना सांगावं की प्रमाणपत्र गूगलचंच हवं ही अट चालणार नाही, चिपची साक्षही ग्राह्य धरा. तुमचं ॲप अशा फोनवर अडलं असेल, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तिच्यात फोनचं मॉडेल, प्रणाली आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहा.