इन्सुलिनच्या पेशींचे रोपण

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात. कॅनडातील एडमंटन येथे डॉ. शापिरो व सहकाऱ्यांनी मृत दात्यांच्या अशा पेशी सात रुग्णांच्या यकृतात सोडल्या. सातही जणांची इंजेक्शने थांबल्याचे २००० साली जाहीर झाले. मात्र तेथे हा उपचार घेतलेल्या बहुतेकांना पाच वर्षांच्या आत पुन्हा इन्सुलिन घ्यावे लागले. शिवाय परक्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सतत घ्यावी लागतात व त्यांमुळे संसर्गाचा धोका वाढतो. एका रुग्णासाठी अनेकदा दोन दात्यांची स्वादुपिंडे लागतात. म्हणून हा उपचार सरसकट सर्वांसाठी नव्हे. रक्तातील साखर वारंवार एकाएकी घसरून ज्यांचा जीव धोक्यात येतो, त्यांच्यासाठीच तो योग्य होय. इतरांना परवडणारे इन्सुलिन वेळेवर मिळणे, हीच आजची खरी गरज आहे.